फरा झाकलेला बैल

खरं तर हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, हे मला नीट ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आई-वडील ऊसतोडीला जातात, आणि मी पाथर्डीकडच्या आमच्या गावातून येऊन वसतिगृहात राहून शिकले. लिहिण्याचा सराव म्हणाल तर परीक्षेच्या उत्तरांपुरताच. ज्यांच्याविषयी लिहायचं ठरवलंय, त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं आहेत. त्यांना हा आगाऊपणा वाटला तर त्यांनी मला माफ करावं. पण त्यांच्यापैकी कुणी काही लिहिलं नाही, म्हणून शेवटी मीच बसले. या लिखाणात एक शब्द पुन्हा पुन्हा येईल. काही जणांना तो खटकेल. त्या शब्दाबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.

सर आम्हाला मराठी शिकवायचे. ते तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जितके तास घेतील तितक्यांचेच पैसे, आणि पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही ते पुढच्या वर्षीच कळणार. असं करत करत त्यांचे केस पिकले होते. मूळचे ते नेवाशाकडचे. आवाज बारीक, पण चिडले की खिडकीच्या काचेपर्यंत पोचायचा, आणि ते बहुतेक वेळ चिडलेलेच असायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्गातल्या खुर्चीवर उकिडवे बसले होते. चपला खाली काढलेल्या, पाय वर, गुडघे छातीशी आणि हात गुडघ्यांवरून पुढं सोडलेले. बांधावर बसून माणूस पाऊसपाण्याचं बोलतो ना, अगदी तसे. वर्ग हसायला लागला. ते शांतपणे म्हणाले, "खुर्ची कॉलेजची हाय. बसणं माझं हाय." मग त्यांनी आम्हाला बसायचे प्रकार विचारले. मांडी घालून, फतकल मारून, एक गुडघा उभा करून, टेकून, रेलून, पाय पसरून, दबा धरून. मुलं उठून उठून करून दाखवायला लागली. तास संपला तरी पाठ्यपुस्तक उघडलं नव्हतं. जाताना चपला घालत म्हणाले, खुर्ची आली आणि मराठीतलं निम्मं बसणं मेलं. अंग वापरलं नाही की अंगाचे शब्दही जातात.

स्टाफरूममध्येही ते तसेच बसायचे. बाकीचे प्राध्यापक त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवत. तपासणीसाठी कुणी पाहुणे यायचे असले की त्या दिवशी सरांना तास नसायचा. हा योगायोग नव्हता, हे आम्हालाही कळत होतं.

त्यांना एक वेड होतं. जनावरांच्या अंगाला कोणत्या गावात काय म्हणतात, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. मोटारसायकलवरून जाताना रस्त्यात बैलगाडी दिसली की हे थांबणार, गाडीवानाला थांबवणार आणि बैलाच्या मागच्या पायावरचा तो रुंद, भरलेला भाग दाखवून विचारणार, "ह्याला तुमच्यात काय म्हणतात?" बहुतेक जण म्हणत, पुठ्ठा. काही म्हणत, चौक. आणि कुणी म्हणालं "फरा", की सरांचा चेहरा खुलायचा. मग दुसरा प्रश्न ठरलेला: "फरा म्हंजे हाड, का मांस?"

एकदा अशीच चौकशी करताना त्यांनी एका खोंडाच्या फऱ्यावर हात दाबला आणि त्यानं लाथ झाडली. पुढं बरेच दिवस सर लंगडत वर्गात येत होते. कुणीतरी विचारलं, सर, काय झालं? म्हणाले, "उत्तर न्हाई मिळालं. पण जागा बरोबर हुती."

हाड का मांस, याचं त्यांना एवढं काय पडलं होतं, ते त्यांनी एकदा फळ्यावर बैल काढून समजावलं होतं. बैल फारच वाईट काढला होता. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत फरा म्हणजे मागचा पुठ्ठा. पण काही ठिकाणचे म्हातारे पुढच्या खांद्याच्या चपट्या हाडालाही फराच म्हणतात. एकच शब्द पुढं आणि मागं कसा? सरांचं म्हणणं असं, की पुढं आणि मागं सारखं काय आहे ते बघा. दोन्हीकडं आत एक रुंद, चपटं हाड आहे, फळीसारखं. जुन्या संस्कृतात 'फलक' म्हणजे फळी आणि ढाल, आणि माणूस ज्यावर बसतो त्या भागालाही तोच शब्द होता. तेव्हा फरा, फळी आणि फळा ही एका घरची भावंडं असावीत. असं सांगून त्यांनी फळ्यावर थाप मारली, मग स्वतःच्या मागं थाप मारली आणि म्हणाले, "ही पण फळी, ही पण फळी."

मुलं हसली. मी हसले नाही. मी त्या दिवशी घाबरले होते, कारण तो शब्द घरचा म्हणून मी लपवून ठेवलेला होता. आई दिवसभर वाकून ऊस तोडते. संध्याकाळी कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, आली की हातांनी मागून दाबत म्हणते, फरे भरून आल्यात, जरा तुडव. मी लहानपणी तिच्या पाठीपासून खाली पाय देत चालायची. वसतिगृहात आल्यावर मी 'आमी' सोडून 'आम्ही' म्हणायला शिकले, 'न्हाई' सोडलं, आणि फरा तर कुणापुढं काढलाच नाही. इथं एक माणूस तोच शब्द संस्कृतापर्यंत नेऊन पोचवत होता.

पण हेही सांगायला हवं, की सर त्या गोष्टीला पुरावा म्हणायचे नाहीत. 'हा माझा अंदाज हाय' हे ते प्रत्येक वेळी म्हणत. आणि अंदाजाला एक अडचण होती. गुरांना फऱ्या नावाचा रोग होतो. त्यात मागच्या पायावर सूज येते, दाबली की करकर वाजते, आणि ती सूज असते मांसात. मग फरा हाड कसा? ही अडचण त्यांना रात्रंदिवस टोचायची. म्हणून तो प्रश्न.

त्यांच्या चिडण्याचं एक उदाहरण सांगते. एका पुस्तकात 'पार्श्वभाग' असा शब्द आला. सरांनी पुस्तक मिटलं. पार्श्व म्हणजे बाजू, म्हणाले. मागच्याला मागचं म्हणायची लाज वाटते म्हणून त्याला बाजूला नेऊन बसवलं. माणूस बाजूवर बसतो का? तासभर ते तेवढ्यावरच बोलले. 'हिप' म्हणा, कुणाला काही वाटत नाही. नितंब म्हणा, कविता होते. आणि आपल्या बापाच्या बैलाचा शब्द म्हणा, की बायका पदर सावरतात आणि पुरुष खोकतात. ते म्हणायचे, "शब्दाला घाण नसती रे. ज्याचा हात घाण, त्याची लागती."

आता बैलाचं सांगते.

मराठी भाषा दिनाला आमच्या कॉलेजात भित्तिपत्रक लावतात. दरवर्षी त्यावर मराठीच्या थोरवीचे तेच ते उतारे असतात. मला सुचलं की बैलाचं चित्र काढावं आणि एकेका अवयवाला बाण करून आपल्या भागातलं नाव लिहावं. आमच्या दारात बैल आहेत, त्यामुळं बैल मला सरांपेक्षा बरा काढता येतो. शिंगं, वशिंड, गळ्याखालची पोळी, खांदा, बरगडी, खूर, शेपटीचा गोंडा. मागच्या बाणाशी येऊन मी थांबले. मग लिहिलं: फरा. सरांना मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी ते थेट भिंतीवरच पाहिलं. बराच वेळ चित्रासमोर उभे होते. मला म्हणाले, "पोरी, बैल उभा राहिला."

कार्यक्रमाचे पाहुणे बाहेरगावचे होते. प्राचार्यांबरोबर ते भित्तिपत्रक बघत आले, बैलापाशी थांबले, आणि काहीतरी हसून म्हणाले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. प्राचार्यांचा चेहरा तेवढा दिसला. पाहुणे जेवायला गेले आणि शिपाईमामा डिंकाची बाटली घेऊन आले. त्यांनी एक कोरी पांढरी चिठ्ठी 'फरा' या शब्दावर चिकटवली. मी विचारलं तर म्हणाले, मला सांगितलं तेवढं मी करतो बाई.

बैल तसाच उभा होता, सगळ्या अंगाची नावं उघडी आणि मागं पांढरं ठिगळ. तोवर मुलांपैकी त्या चित्राकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता जो तो येऊन बघायला लागला, की खाली काय आहे. ज्यांनी आधी वाचलं नव्हतं त्यांनी आपापल्या मनानं शब्द भरले. मुलं कोपरे खरवडत होती. दुपारपर्यंत कुणीतरी त्या चिठ्ठीवर पेनानं खरोखरच एक घाण शब्द लिहिला. इथं लिहिता येणार नाही असा. आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडं झालं की एका मुलीनं भित्तिपत्रकावर तसलं लिहिलं, आणि मराठीच्या सरांनी लिहायला लावलं.

चिठ्ठी कुणी लावली? चिठ्ठीवर लिहिलं कुणी? हे कुणी विचारलं नाही. चौकशी लागली ती चिठ्ठीच्या खालच्या शब्दाची.

सरांनी सकाळी चिठ्ठी फाडली. दुपारी नवी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिपाईमामा सरांना कळवळून म्हणाले, सर, माझी नोकरी घालवाल. तेव्हा सर म्हणाले, तुम्ही लावा, मी फाडतो, दोघांची ड्यूटी होऊन जाईल. असं करता करता कागद तिथं पातळ झाला आणि एके दिवशी चिठ्ठीबरोबर बैलाचा फराच फाटून आला. भोकातून भिंतीचा निळा रंग दिसायला लागला.

मग आम्हाला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. प्राचार्य होते, मुलींच्या तक्रारी बघणाऱ्या एक मॅडम होत्या, आणि सर. सर खुर्चीवर उकिडवे बसले. प्राचार्यांनी त्यांना पाय खाली सोडायला सांगितलं नाही, पण सगळा वेळ ते सरांच्या पायांकडंच बघत होते. मी उभी होते.

मॅडमनी मायेनं विचारलं, की मुलगी असून तुला तो शब्द लिहिताना लाज वाटली नाही का? मी म्हणाले, "मॅडम, आमची आई रोज म्हणते." त्यावर प्राचार्य म्हणाले, घरी म्हणणं वेगळं, हे कॉलेज आहे. चित्र पुन्हा लावायचं असेल तर त्या जागी नितंब लिही, विषय संपला.

सर म्हणाले, "बैलाला नितंब असत्यात का साहेब? मग कंबरपट्टा पण घाला त्याला. पैंजण बांधा." प्राचार्य म्हणाले, शब्द जपून वापरा. सरांचा आवाज काचेला जाऊन भिडला. "पावसाळ्याच्या तोंडी गुरांच्या दवाखान्यावर फलक लागतो, घटसर्प आणि फऱ्या लसीकरण. सरकार लावतं. रोगाला नाव चालतं आणि अंगाला चालत न्हाई? तुमी झाकलं म्हणून तो शब्द नागडा झाला. त्याआधी अंगभर कापड हुतं त्याच्यावर."

मग मॅडम मला म्हणाल्या की सरांनी तुझ्याकडून लिहून घेतलं एवढं सांग, तुझ्यावर काही येणार नाही, तुझं शेवटचं वर्ष आहे. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मीच लिहायला लावलं. तिला काय ठाऊक?"

हे खोटं होतं. मी म्हणाले, नाही, माझा शब्द आहे, मी लिहिलाय, सरांनी तर भिंतीवरच पाहिला. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा मोठ्यानं. त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यांचे चेहरे सैल पडले होते. मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, घाबरू नकोस. मी घाबरले नव्हते. एका ऊसतोडणाऱ्या बाईच्या मुलीला स्वतःचा एक शब्द असू शकतो, तो तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेला असू शकतो, हे त्या खोलीत कुणाला खरंच वाटलं नाही, याचा मला राग आला होता. अजून आहे.

बाहेर आल्यावर मी सरांवर चिडले. तुम्ही असं का सांगितलं, मी म्हणाले. ते चपला शोधत होते. त्या आतच राहिल्या होत्या. अनवाणीच जिना उतरत म्हणाले, तुझी परीक्षा हाय. माझी काय हाय?

त्यांचे तास होते. तेवढंच होतं त्यांचं.

जूनमध्ये मी निकालाची गुणपत्रिका घ्यायला आणि तिथंच एम.ए.ला नाव घालायला गेले, तेव्हा वेळापत्रक लागलं होतं. त्यात सरांचं नाव नव्हतं. त्यांना कुणी कळवलंही नव्हतं. ते नेहमीसारखे आले, वर्गात गेले, खुर्चीवर चढून बसले, आणि थोड्या वेळानं एक तरुण सर दारात येऊन संकोचानं उभे राहिले. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं, उतरले, चपला घातल्या आणि खुर्ची रुमालानं पुसून दिली. हे मला शिपाईमामांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

त्यानंतर सर गावी गेले. त्यांच्याकडं साधा मोबाईल होता आणि तो ते बंदच ठेवत. माणसानं माणसाला अचानक हाक मारू नये, असं त्यांचं म्हणणं. मी लावून लावून कंटाळले. कॉलेजातली मुलं त्यांचं नाव विसरली, पण शब्द उरला. कबड्डीच्या मैदानावर कुणी पडलं की पोरं ओरडत, "फऱ्यावर आला रे." चिठ्ठी लावली नसती तर एकालाही तो शब्द माहीत झाला नसता.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. बक्षीस समारंभ संपवून प्राचार्य मंडपाच्या पायऱ्या उतरत होते. गळ्यात हार, हातात नारळ, आणि शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही. ते बाजूवर आदळले. मी स्वयंसेवक होते, सगळ्यात जवळ मीच होते. शिपाईमामा आणि मी त्यांना उचलायला गेलो तेव्हा त्यांनी एका हातानं माझं मनगट घट्ट धरलं, दुसऱ्यानं कमरेखाली दाबलं, दात आवळले आणि म्हणाले, "हलवू नका गं, फरा गेला माझा. आई गं, फरा गेला."

मग त्यांनी डोळे उघडले आणि समोर कोण आहे ते पाहिलं. मला आनंद झाला नाही, देवाशपथ सांगते. प्राचार्य मूळचे श्रीगोंद्याकडचे; तो घामानं डबडबलेला माणूस तिकडच्याच एखाद्या गावात, कोणाच्या तरी मांडीवर तो शब्द शिकला होता, आणि त्याच शब्दावर त्यानं डिंक लावला होता. तेवढ्यात कुणीतरी डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. प्राचार्यांनी एक श्वास घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "डॉक्टर, हिपला मार लागलाय."

हे सरांना सांगायला हवं होतं. पण कसं? त्यांच्या गावाकडं जाणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याकडं निरोप दिला, त्याचं काही कळलं नाही. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मग शेकलं का कुणी त्यांना?"

उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि आई-वडील परत आले. चारा परवडत नाही म्हणून आमच्यासारखे गाडीवान हंगामानंतर एक बैल विकतात. वडील घोडेगावच्या बाजारात निघाले, तर मीही गेले. बायका तिथं फारशा नसतात. धूळ, हलगी, शिंगांना रंग, आणि उपरण्याखाली बोटं धरून चाललेले सौदे. त्या सगळ्यात एक व्यापारी कुणावर तरी खेकसत होता: "घ्यायचा हाय, का नुसता चोळायचा हाय?"

त्या बैलाच्या मागं सर उभे होते. फऱ्यावर हात ठेवून. वाळले होते, दाढी वाढली होती. मी जाऊन पाया पडले. वडिलांनी, दिसताक्षणी ओळख लागल्यासारखा, रामराम घातला. सरांनी मला माझ्या अभ्यासाचं विचारलं, वडिलांना बैलाचं विचारलं, कॉलेजचं काहीच विचारलं नाही.

मी सांगितलं. पायरी, हार, नारळ, माझं मनगट, आणि ते काय म्हणाले ते. वडील हसले. व्यापारीही ऐकत होता, तोही हसला. मला वाटलं, आता सर हसतील. एवढ्या महिन्यांचं काहीतरी फिटेल.

ते हसले नाहीत. बैलावरचा हात न काढता म्हणाले, "लई लागलं का त्यांना?"

मी म्हणाले, आता चालतात, काठीनं.

"बरं झालं," म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा बदलला, वर्गात व्हायचा तसा झाला. माझ्याकडं वाकून त्यांनी विचारलं, "फरा म्हणताना हात कुठं हुता त्यांचा? वर, का खाली मांसावर?"

चहूकडं सगळे पुरुष होते. वडील शेजारी उभे होते. मी माझा हात उचलला आणि कमरेच्या खाली, बाजूला, जिथं आत ते रुंद हाड लागतं, तिथं थाप मारून दाखवली.

"इथं, सर. हाडावर."

सरांनी बैलाला दोनदा थोपटलं.

"मग फळीच," ते म्हणाले.